वीरेशचं मशीन दिसत नाही

शनिवार, २३ नोव्हेंबर २००२

पंचांगाच्या कामातून उरलेला कागद कापून आज ही वही बांधली. छापखानेवाल्याच्या घरात विकतची वही शोभत नाही. रोज लिहीन असं काही नाही. एक नवं काम हाती घेतोय, त्यात काय केलं, काय चुकलं याची नोंद असावी, एवढ्यासाठीच.

काम असं. आप्पा गेल्यावर, तीन वर्षांपूर्वी, आम्ही दोघा भावांनी घर वाटून घेतलं. भांडण नाही, तंटा नाही. मधोमध भिंत घातली. पुढची बाजू आणि दुकान माझ्याकडं, मागची बाजू वीरेशकडं, त्याचं दार मागच्या गल्लीत. धंदा मात्र एकच ठेवला. वीरेश त्याच्या घरी कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवतो, फ्लॉपीत घालतो, गल्लीला वळसा मारून दुकानात आणतो. मी माझ्या कॉम्प्युटरवर ती उघडतो आणि छापायला घेतो. फ्लॉपी ही महा आगाऊ वस्तू. दहातल्या तीन उघडतच नाहीत. मग तो परत जातो, परत घेऊन येतो.

आता खरं कारण लिहितो. काल जेवताना शांतादेवी, म्हणजे आमची मंडळी, हळूच म्हणाली, "रोहिणीच्या भावानं लातूरला छपाईचं मोठं मशीन घेतलंय म्हणं. भावजींना बोलावतोय." रोहिणी म्हणजे वीरेशची बायको. वीरेश मला यातलं एक अक्षर बोललेला नाही. बोलणारही नाही. तो माझ्याहून तेरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा चार वर्षांचा होता. त्याला शाळेत सोडणारा मी, छापायच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायला शिकवणारा मी. थोरल्याला तोंडावर नाही म्हणायचं नाही, ही आमच्या घरातली रीत, आणि त्यानं ती आजवर मोडलेली नाही. तेव्हा 'लातूरला जाऊ का' असंही तो विचारणार नाही. एक दिवस नुसता जाईल.

म्हणून त्याला जावंसंच वाटू नये अशी सोय करायची. दोन्ही कॉम्प्युटर तारेनं जोडायचे. त्याची फाईल इथं बसल्या मला दिसेल, काम दुप्पट होईल, दोघांना पुरेल. तो गेला तर या दुकानात मी एकटा बसून काय करीन?

मंगळवार, २६ नोव्हेंबर

वीस फूट तार आणली. दोन्ही मशीनला लागणारी कार्डं आणली. भिंतीला भोक मी माझ्या बाजूनं पाडलं. अंदाज थोडा चुकला. पलीकडं रोहिणीची मांडणी निघाली आणि तिच्या पिठाच्या डब्यात पोपडे पडले. आधी सांगायला हवं होतं, असं शांतादेवी म्हणाली. सांगून काय होणार होतं? भोक कुठंतरी पाडावंच लागलं असतं.

वीरेश येऊन बघून गेला. "असू द्या, दादा," म्हणाला. त्याचं मन मोठं आहे.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

तार जोडली. दोन्ही मशीनवर नेटवर्कची खिडकी उघडली. माझ्या मशीनला फक्त मी दिसतो, त्याच्या मशीनला फक्त तो. दिवसभर बंद कर, चालू कर. दोनदा लाईट गेली ती वेगळीच.

संध्याकाळी योगिताला बोलावलं. ही शिरूर कासारची. बाप बंकट अजून मेंढरं घेऊन हिंडतो आणि ही इथं कॉम्प्युटर क्लासमध्ये मोठमोठ्या माणसांना शिकवते. तिनं तारेचं टोक हातात घेतलं आणि हसली. "काका, ही सरळ तार हाय. मधी डबी असली तर ही चालती. मशीनला मशीन थेट जोडायचं तर आतल्या बारीक तारा एका टोकाला उलट्या बशिवाव्या लागत्यात. न्हाईतर दोगंबी बोलत्यात आन् ऐकत कुणीच न्हाई." तिनं टोक कापलं, तारा फिरवून बसवल्या, पक्कडीनं दाबलं. कार्डावरचा हिरवा दिवा लागला. मशीन मात्र अजून दिसलं नाही. बाकीचं रविवारी, म्हणाली.

रविवार, १ डिसेंबर

चूक माझी निघाली. प्रत्येक मशीनला एक नंबर द्यावा लागतो. मी दोन्हीला एकच नंबर दिला होता. एका घराला नगरपालिकेचा एकच नंबर असतो, तसंच असेल म्हणून. योगिता म्हणाली, "घर एक असलं तरी माणसं दोन हायत की, काका." त्याला शेवटी एक, मला शेवटी दोन असे आकडे दिले. मी थोरला, मला एक हवा होता. पण तोवर तिनं टाकून झालं होतं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी माझ्या पडद्यावर वीरेशचं मशीन दिसलं! त्याच्या नावावर दोनदा दाबलं, त्याचा पत्रिकांचा फोल्डर उघडला. भिंतीतून मी ओरडलो, "वीरेश, दिसतोय रे तू!" पलीकडून तो हसला. शांतादेवीनं शिरा केला. दोन्ही घरांत वाटला.

सोमवार, ९ डिसेंबर

काम कसं झपाट्यानं चाललंय. त्यानं फाईल ठेवली की इथं हजर.

आज एक पत्रिका छापण्याआधी सहज वाचली, तर देवाच्या नावाखालचा मजकूर फारच साधा. तिथल्या तिथं बदलला आणि ठेवून दिला. पूर्वी फ्लॉपी आली की मी सांगायचो, तो परत जाऊन करायचा, अर्धा दिवस जायचा. आता दोन मिनिटं. त्याला मुद्दाम सांगितलं नाही. सांगून कशाला ओशाळं करायचं?

शनिवार, २१ डिसेंबर

शांतादेवी म्हणाली, "भावजी आताशा येतच न्हाईत. फ्लॉपीच्या निमित्तानं का व्हईना, दिसातून दोनदा चहाला यायचे."

अगं, येण्याची खेप वाचावी म्हणूनच तर तार घातली, म्हणालो. बायकांना सोयीचं काही कौतुक नाही.

रोज सकाळी दुकान उघडलं की आधी त्याचा फोल्डर बघतो. काल रात्रीत काय केलंय ते कळतं. एखादी ओळ वर घ्यावी, एखादं नाव मोठ्या अक्षरात करावं. खिळे जुळवायचा तेव्हाही त्याचं प्रूफ मीच बघायचो. तो डाव्या खांद्याशी उभा राहायचा, नखं खात. तसंच वाटतं पुन्हा. बरं वाटतं.

मंगळवार, १४ जानेवारी २००३

संक्रांत. वीरेश आणि रोहिणी तिळगूळ द्यायला आले. पाया पडले. मी म्हणालो, तार चांगली चाललीय ना? "हो, दादा." लातूरचं काय, असं विचारणार होतो. नको म्हटलं. तार चालतीय म्हणजे लातूर बारगळलंच असणार.

सोमवार, २७ जानेवारी

लिंबागणेशच्या शहादेवच्या पोरीचं, अंजनाचं लग्न. पत्रिका वीरेशनं जुळवून ठेवली होती. बघतो तर निमंत्रकात एकटा शहादेव. त्याचा थोरला भाऊ उत्तरेश्वर हयात आहे, सहा वर्षांपूर्वी त्याच्या मुलाची पत्रिका आपणच छापली होती. थोरला जिवंत असताना त्याचं नाव नाही, हे कसं दिसेल? वीरेशकडून राहून गेलं असणार. गडबडीत होतं असं. मी उत्तरेश्वरचं नाव सगळ्यात वर घातलं, ठसठशीत. मग पत्रिका कशी भरदार दिसायला लागली. चारशे प्रती छापून गठ्ठा बांधून ठेवला. शहादेवचा माणूस संध्याकाळी घेऊन गेला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

दुपारी शहादेव आला. आधी मागच्या गल्लीत वीरेशकडं गेला आणि त्याला घेऊनच दुकानात शिरला. टोपी हातात होती. "म्या तुला तीनदा सांगितलतं का न्हाई," वीरेशला म्हणाला, "थोरल्याचं नाव घालू नगं म्हून? आठ सालं झाली आमची बोलचाल बंद हाय. बांधावरनं झालतं. पत्रिका वाचून बगायला येळ कुणाला, तशाच वाटल्या. अन् एक त्येच्याबी घरी गेली."

वीरेशनं मान खाली घातली.

"त्यो आला की रं लग्नाला. धुवट धोतर नेसून, पोरीला साडी घिऊन. त्येला वाटलं म्याच बोलावलं. मांडवात आला आन् माझ्या थोरल्या पोरानं त्येला बखोटीला धरून भाईर काढलं. सत्तरीचा माणूस. साडीची पिशवी काखंत तशीच." एवढं म्हणून शहादेव बाकड्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. "बोलावलंच नसतं तर घरी मानानं तरी बसला असता."

वीरेश म्हणाला, "चुकलं, शहादेवराव. माझ्या हातनं झालं." माझ्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही.

मी बोलायला हवं होतं. 'नाव मी घातलं,' एवढीच तीन शब्दांची गोष्ट. पण गिऱ्हाइकासमोर भावाभावांत दोन तोंडं नकोत, असं मनात आलं. दुसरंही आलं, ते लिहितो. थोरल्याचं नाव घातलं यात चूक ती काय, असंही वाटत होतं. आणि तिसरं असं की मला भीती वाटली. शहादेव निघून गेला. वीरेश दारात क्षणभर थांबला. मला वाटलं, आता काही बोलेल.

"येतो, दादा," म्हणाला.

गुरुवार, २० फेब्रुवारी

तारेला काहीतरी झालंय. त्याच्या फाईली दिसतात, उघडतात, वाचता येतात. पण बदल करून ठेवायला गेलं की मशीन नाही म्हणतं. व्हायरस असावा. भिंतीतून वीरेशला विचारलं. "बघतो, दादा," म्हणाला.

तोवर मी युक्ती काढली. फाईल माझ्या मशीनवर उतरवून घ्यायची, बदल तिथं करायचा आणि तिथूनच छापायचं. काम अडत नाही.

मंगळवार, ४ मार्च

महाशिवरात्रीला कपिलधारला मन्मथस्वामींच्या दर्शनाला सगळे एकत्र जाऊ म्हटलं होतं. वीरेश आणि रोहिणी पहाटेच्या गाडीनं आधीच जाऊन आले. गर्दी नको म्हणून, असं रोहिणीनं शांतादेवीला सांगितलं.

आज नवाच प्रकार. वीरेशचा फोल्डर उघडायला गेलो तर पासवर्ड मागतो. माझं नाव घातलं, आप्पांचं घातलं, 'मन्मथ' घातलं, वीरेशची जन्मतारीख घातली. काही लागत नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, "तयार झालेल्या पत्रिका म्या तुमच्या फोल्डरात आणून ठेवतो की, दादा. तुमाला तरास नको." तशा तो ठेवतोही. नीट, वेळेवर. पण आत काय चाललंय ते दिसत नाही, त्याचं काय?

शनिवार, ८ मार्च

योगिताला पुन्हा बोलावलं. व्हायरस शोध म्हटलं. तिनं इथून पाहिलं, मग वीरेशकडं जाऊन आली. तिकडं बराच वेळ बसली. परत आल्यावर पदराशी चाळा करत म्हणाली, "काका, ह्ये आपोआप होत न्हाई. त्या मशीनवर कुणीतरी बसून निवडावं लागतं. वाचू द्यायचं का, बदलू द्यायचं का, का कायच न्हाई."

"मग वीरेशच्या हातून चुकून दाबलं गेलं असेल."

"असंल, काका," म्हणाली. "माझ्या बापाला मेंढरं मोजायची लई सवय हाय. रोज सांजच्याला मोजतोय. भाऊ वैतागून येगळा झाला. तवापास्नं त्यो मोजतच न्हाई."

मेंढरांचा इथं काय संबंध? हुशार पोरगी आहे, पण क्लासवाल्यांना अर्धंच येतं.

शुक्रवार, ४ एप्रिल

पाडव्यापासून वीरेशचं मशीनच दिसत नाही. खिडकीत मी एकटा. माझं कार्ड बदलून पाहिलं. तार उंदरानं खाल्ली का म्हणून माझ्या बाजूनं इंच इंच चाचपली. हिरवा दिवा बंद. पत्रिका आता पुन्हा फ्लॉपीतून येतात, पण वीरेश येत नाही. रोहिणी शांतादेवीकडं देते, शांतादेवी मला.

रविवार, ६ एप्रिल

आज मीच उठून मागच्या दारानं गेलो. वाटणी झाल्यापासून त्याच्या घरी मी कितीदा गेलो असेन? सण सोडले तर आठवत नाही.

वीरेश अंघोळीला गेला होता. त्याच्या मशीनमागं वाकून बघितलं. तार काढलेली होती. टोक गुंडाळून, त्यावर रबर लावून टेबलाच्या खिळ्याला नीट अडकवलेलं. मी ती सोडवली, टक्क आवाज होईस्तोवर आत बसवली. दिवा लागला. तेवढ्यात वीरेश टॉवेलनं डोकं पुसत आला आणि दारातच उभा राहिला.

"तार ढिली झालती रे," मी म्हणालो.

त्यानं टॉवेल दोरीवर टाकला. मग म्हणाला, "हो, दादा. ढिली झाली असंल."

घरी येऊन मशीन बघितलं. दिसत होतं. सोमवारी सकाळी पुन्हा नाही, असं होऊ नये म्हणजे मिळवली.

सोमवार, ७ एप्रिल

पुन्हा नाही.

सोमवार, १४ एप्रिल

शांतादेवी आज माझ्यावर कडाडली. तीस वर्षांत पहिल्यांदा. मी जेवताना म्हणत होतो की नवी तार घालतो, जाड, औरंगाबादहून मागवतो. तिनं ताटात भाकरी आपटली.

"तुमाला कळत कसं न्हाई? तार ढिली झाली न्हाई. भावजी काढत्यात ती."

"कावून काढंल तो?"

"अडतीस वर्साचा माणूस हाय त्यो. त्येनं जुळवलेलं एक तरी पान तुमी हात न लावता छापलंय का? गिऱ्हाईक त्येला सांगतंय एक आन् छापून येतंय दुसरं. त्यो शहादेव पोरासारखा रडला, भावजींनी मान खाली घातली, आन् तुमी गल्ल्यावर बसून राहिलात. मला दाराच्या पडद्याआडून दिसत व्हतं सगळं."

मी ताटावरून उठलो. दुकानात येऊन बसलो. राग आला होता, खोटं का लिहू. माझ्यामुळं बीडात या घराच्या पत्रिकेला नाव आहे. मग एक पान आठवायला बसलो, जे मी त्याचं तसंच्या तसं छापलं. तारेच्या आधीचं, फ्लॉपीचं, अगदी खिळ्यांच्या काळातलं. तासभर बसलो. एकही आठवलं नाही.

रविवार, २० एप्रिल

वाक्य ठरवून गेलो होतो. 'वीरेश, शहादेवच्या पत्रिकेतलं नाव मी घातलं होतं आणि त्या दिवशी मी बोललो नाही.' गल्लीला वळसा घालताना तीनदा पुटपुटलं. लिंबागणेशला जाऊन शहादेवलाही सांगायचं, उत्तरेश्वरच्या पाया पडायचं, असं ठरवलं होतं.

दार उघडं होतं. आत खोकी बांधून ठेवलेली. वीरेश सुतळीला गाठ मारत होता, तो उठून उभा राहिला. "बसा, दादा." रोहिणीनं चहा दिला. अर्धा चहा झाला. शेवटी तीच डोक्यावरचा पदर सारखा करत, भिंतीकडं बघून म्हणाली, "पाच तारखंला निगायचं हाय. सोमवार हाय, महादेवाचा वार, म्हून."

वीरेश सुतळीकडं बघत होता.

मला ते वाक्य सापडेना. "लातूरला पाण्याची लई टंचाई असती म्हणं," मी म्हणालो.

"हो, दादा."

चहा पिऊन परत आलो. पन्नाशी उलटलेला माणूस, आणि बोललो काय तर पाण्याचं. रस्त्यात एकदा मागं फिरलो होतो. पण दारात पुन्हा काय म्हणून उभं राहायचं, ते कळेना.

सोमवार, ५ मे

सकाळी नऊला टेम्पो आला. कपाट, पलंग, भांडी एकेक करून चढायला लागली. शांतादेवी तिकडंच होती, दशम्या बांधून देत होती. मी दुकानात बसलो. हात कुठं ठेवावे ते कळत नव्हतं म्हणून मशीन चालू केलं.

वीरेशचं मशीन दिसत होतं.

दाबलं. पासवर्ड मागितला नाही. पत्रिकांचाच नाही, त्याचा सगळा कारभार उघडा होता. जाण्याआधी त्यानं तार जोडून सगळं मोकळं करून ठेवलं होतं, मला काय लागेल ते घेता यावं म्हणून. एका शब्दानं बोलला नाही.

आत एक फोल्डर होता, 'मूळ' नावाचा. डिसेंबरपासूनची प्रत्येक पत्रिका त्यात होती. मी हात लावण्याआधी जशी होती तशी, तारीखवार. पानाच्या बाहेर, जो भाग छापला जात नाही तिथं, त्यानं बारीक अक्षरात गिऱ्हाइकाचं म्हणणं टिपून ठेवलेलं. एका पत्रिकेत आईचं नाव एकटंच वर होतं. मी त्यावर चुलत्याचं घातलं होतं. टिपण होतं : 'आईनं भाजी विकून वाढवलं. तिचंच नाव पाहिजे.' एकीत मला बाळबोध वाटलेल्या चार ओळी होत्या, मी त्या काढून चांगल्या घातल्या होत्या. टिपण होतं : 'नवरीच्या आजोबांनी स्वतः केल्यात.' शहादेवच्या पत्रिकेबाहेर लिहिलं होतं : 'थोरल्याचे नाव नको. कारण विचारू नये, डोळ्यांत पाणी येते.'

ही टिपणं मी कधी वाचलीच नव्हती. पानाबाहेरचा केर म्हणून पुसत आलो. पत्रिका पुन्हा एकदा पहिल्यापासून बघितल्या. चूक शोधत होतो, अजूनही. एक सापडली नाही. मी शिकवलं होतं त्याहून कितीतरी चांगलं जुळवत होता तो.

सगळा फोल्डर माझ्याकडं ओढायला घेतला. चित्रांसकट भलता मोठा होता. सव्वीस मिनिटं लागतील असं पडद्यावर आलं. पलीकडं टेबल हलवल्याचा आवाज झाला, तसा मी भिंतीच्या भोकाशी वाकलो.

"वीरेश, मशीन इतक्यात बंद करू नगं. फाईली घेतोय."

"बरं, दादा."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. तो बसला. बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. रोहिणी काहीतरी म्हणाली. "थांब जरा," तो म्हणाला, "दादांचं चाललंय."

मग तो तिकडं आणि मी इकडं. मध्ये नऊ इंची भिंत. तोंड बघायचं नव्हतं, नजर चुकवायची नव्हती. ठरवलेलं वाक्य आता सहज बोलता आलं असतं. एकोणीस मिनिटं राहिली. तो खोकला. बारा राहिली. टेम्पोवाल्यानं पुन्हा हॉर्न दिला, वीरेशची खुर्ची हलली नाही. पाच राहिली, तेव्हा म्हटलं, शेवटच्या दोन मिनिटांत बोलू. दोन राहिली. भोकाशी तोंड नेलं. तसंच मागं घेतलं.

पडद्यावरची पट्टी भरली आणि आपोआप मिटली. सगळं उतरलं होतं. हे फक्त मला दिसत होतं, त्याच्या बाजूला त्यातलं काही दिसत नाही. मी तसाच गप्प बसलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही.

"झालं का, दादा?"

अजून नाही, एवढं म्हणालो असतो तर तो बसला असता. संध्याकाळपर्यंत बसला असता, दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नसतं. टेम्पो उभा राहिला असता, सोमवार टळला असता. मला ते माहीत होतं.

"झालं," मी म्हणालो.

पलीकडं खुर्ची सरकली.